कारवघळाची कोंडाई

डोंगराच्या कुशीत कारवघळ नावाचं गाव आहे. आज तिथं एसटी जाते. पण तिथं पोचायला घाटाखालून अख्खा दिवस चढावं लागायचं आणि वाटेत जनावराचं भय असायचं, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षं झाली. किती, ते कुणी मोजलेलं नाही.

तेव्हा कारवघळात पाळणे कमी हलत. घरं होती, गुरं होती, नाचणी मुबलक पिकत होती, पण अंगणात रांगतं पोर क्वचित दिसे. गावाच्या पायथ्याला एक डोह होता. तिन्ही बाजूंनी कातळ, वर जांभळींची गर्द सावली. उन्हाळ्यातही तो आटत नसे, म्हणून सारं गाव त्याचंच पाणी प्यायचं. आणि त्या डोहात ती राहायची. तिला नाव नव्हतं. माणसं नुसतं ‘डोहातली’ म्हणायची, तेही आवाज उतरवून.

असं म्हणतात, की ‘मला दिवस गेलेत’ हे शब्द बाईच्या तोंडून निघाले, की ते वाऱ्याबरोबर उतरणीनं खाली जात. डोहातली ते ऐके. मग ती वर यायची आणि तीन महिने भरायच्या आत पोट रिकामं करून जायची.

म्हणून बायका सांगतच नसत. नवऱ्याला नाही, आईला नाही. उलटी आली तर कारवीच्या झुडपाआड जायचं. डोळ्यांपुढं अंधारी आली तरी डोक्यावरचे हंडे उतरवायचे नाहीत, कारण मध्येच हंडा टेकवला की चार जणींचे डोळे वळतात. उपास सोडायचा नाही, मोळी हलकी करायची नाही. आणि पोट पडलं, तर तेही मुक्यानंच. कापडं मातीत पुरायची नि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्याला जायचं. कुणाला हुडहुडी भरून ताप यायचा, कुणी त्यातच संपायची. मग गाव म्हणायचं, हिनं कुठंतरी तोंड उघडलं असणार.

अशा गावात सगुणा सून म्हणून आली. ती राणूची दुसरेपणाची बायको. पहिली एकदा भरले हंडे घेऊन चढताना वाटेत बसली, ती पुन्हा उठली नाही. हे सगुणाला लग्नानंतर कळलं. सासू धुरपदाबाई तशी वाईट नव्हती, पण तिला बोलण्याची भीती वाटायची. सून घरात आली त्याच दिवशी तिनं सगुणाला चुलीपाशी ओढून सांगितलं, “हितं काय बी झालं तरी बोलायचं न्हाय. आणि ती कोंडाई दिसली, की खाली मान घालायची. तिला डोळं दाखवायचं न्हाईत.”

कोंडाई गावची सुईण. उंच, हाडापेरानं मोठी, हात बाप्यासारखे. नवरा कधीच गेला होता, आणि तिच्या पोटचं एकही जगलं नव्हतं. बाळंतपणाला तिला बोलवावंच लागे, पण एरवी माणसं तिच्या सावलीला घाबरत. कारण ती नव्या सुनांना वाटेत गाठायची, हनुवटी धरून तोंड वर करायची, बोटानं डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघायची. नखं दाबून बघायची. काही न बोलता निघून जायची. गावात कुजबूज होती, की कोंडाई डोहातलीची हेर आहे. कुणाचं पोट भरतंय, ते ती खाली जाऊन सांगते.

सगुणाचं पहिलं पोट पडलं तेव्हा तिनंही ते मुक्यानं सोसलं. पण कोंडाईनं परसात येऊन तिला गाठलंच. पापणी ओढली नि म्हणाली, “पांढरीफटक झालीस. आता लगीच दुसरं न्हाय ठेवायचं. आधी अंगात रगत भरू दे.” कोंडाई तिथून उठली ती सरळ खळ्यावर गेली आणि चारचौघांत राणूला म्हणाली, “बायकोला थोडी उसंत दे रं. शेतात बी एका पिकामागं दुसरं घेत न्हाय आपण.”

त्यानंतर परसातल्या दगडावर कधी पालेभाजीची जुडी दिसायची, कधी गुळाचा खडा, कधी तापावरच्या कडू काढ्याचं बोळकं. धुरपदाबाई ते उकिरड्यावर टाकायची. सगुणा पहिल्यांदा घाबरली. मग एकदा तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि काही झालं नाही. तेव्हापासून ती सासूच्या आधी उठून परसात जायला लागली. हळूहळू तिचे पाय गरम राहायला लागले, चढणीला धाप कमी लागू लागली. नखांना रंग आला.

आणि मग तिची पाळी चुकली.

त्या दिवसापासून सगुणाला झोप लागेना. पाण्याला गेली की डोहाकडं बघायची नाही, हंडा बुडवायची नि पाठ फिरवायची. तिला वाटायचं, पाणी थांबलंय आणि कान देऊन ऐकतंय. मनातल्या मनातसुद्धा ती ते शब्द म्हणत नसे. सावित्री, दगडू, चिमणी अशी भलतीसलती नावं घोकत ती चढण चढायची, म्हणजे मनात दुसरं काही यायला नको.

एका सकाळी चढणीवरच तिच्या कमरेतून कळ आली. लुगड्याला लाल ठिपका दिसला. ती तिथंच कारवीत बसली. राणूची पहिली बायको इथंच बसली असेल का, हे तिच्या मनात आलं.

समोर कोंडाई उभी होती. तिच्या ओच्यात कुर्डूची रानभाजी होती.

“किती झालं?” तिनं विचारलं.

सगुणानं तिच्या तोंडावर हात ठेवला. “बोलू नका हो! ऐकंल ती!”

कोंडाईनं तो हात बाजूला केला आणि ती गुडघ्यावर बसली. “पोरी, गावाला वाटतं मी तिला सांगती. मी सांगितलं असतं, तर माझी का नेली तिनं? मला कुणीच इचारलं न्हाय, नि मी बी कुणाला सांगितलं न्हाय. हंडं वाहिलं, आणि गेली माझी सारी. न सांगता बी गेलीच ना?” मग तिनं आपला कान सगुणाच्या ओठांपाशी नेला. “माझ्या कानात सांग. हितनं पुढं जाणार न्हाय. आणि गेलंच, तर माझ्या नावावर जाईल.”

सगुणानं डोळे मिटले आणि सांगितलं.

असं म्हणतात, की त्याच क्षणी जांभळींवरचे सगळे पक्षी एकदम उडाले, आणि वारा नसताना डोहाच्या पाण्यावर वलय उठलं.

कोंडाईनं सगुणाचे हंडे आपल्या डोक्यावर घेतले. तिला धरून घरी आणलं, अंथरुणावर डाव्या कुशीवर झोपवलं आणि धुरपदाबाईला म्हणाली, “हिला तिसरा म्हयना लागायचाय. डाग दिसलाय. ही आता उठणार न्हाय, वाहणार न्हाय, उपास करणार न्हाय. पाणी मी भरंन.”

धुरपदाबाईनं कानांवर हात दाबून घेतले. “बोललीस! अगं, माझ्या दारात बोललीस तू!”

सांजेपर्यंत गावभर झालं. माणसं कोंडाईच्या दाराशी जमली. कुणी म्हणालं, आता ती सगळ्यांच्याच घरात शिरणार. कुणी म्हणालं, हिला गावाबाहेर काढा. कोंडाई उंबऱ्यावर उभी राहिली. “कुणाच्या घरात येणार न्हाय ती,” ती म्हणाली. “मी तिला माझ्याकडं बोलावती.”

दुसऱ्या दिवसापासून कोंडाई डोहावर जाऊ लागली. स्वच्छ उन्हात जायची, कधी एकटीच, कधी पाणी भरणाऱ्या बायकांच्या देखत. सगुणाचा हंडा बुडवायच्या आधी काठावर उभी राहून मोठ्यानं म्हणायची, “आईक गं! मला दिवस गेल्यात! दुसऱ्या कुणाला न्हाय, मला!” बायका हंडे टाकून पळायच्या.

जुनी माणसं सांगतात, त्यानंतर कोंडाईचं पोट खरंच वाढायला लागलं. केस पिकलेली बाई, आणि पदराखाली पोट दिसू लागलं. इकडं सगुणाचा डाग थांबला. तिकडं कोंडाईचे हंडे रोज जड होऊ लागले. वर आणून उतरवले, की त्यांच्या बाहेरच्या अंगावर ओली बोटं उठलेली दिसायची, लांब, सांधे नसलेली. कोंडाई पदरानं ती पुसायची आणि म्हणायची, “वाटेत धरतीया.” एवढंच. पण तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

सगुणाला ती रोज एकच बजावायची. “मी आले तर आत येऊन तुझ्या पायाला हात लावीन. दारातनं हाक मारणार न्हाय. दारातनं माझ्या आवाजात जरी हाक आली, तरी ओ देऊ नको.”

आणि ती हाक आली. भर दुपार होती. राणू रानात, धुरपदाबाई परसात. सगुणा अंथरुणावर होती. अंगणात ओल्या पावलांचा आवाज झाला, सारवलेल्या जमिनीवर फटक, फटक. घराला एक फेरी झाली. मग दारात सावली पडली.

“सगुणे,” कोंडाईचा आवाज आला. “कितवा गं तुझा?”

सगुणानं पदर तोंडात कोंबला.

“सगुणे, हंडं आणल्यात. सांग की, कितवा? माझ्या कानात सांगितलंस, आता मोठ्यानं सांग.”

दाराच्या फटीतून पाणी आत यायला लागलं. काळं, थंड, वाहत वाहत ते अंथरुणाच्या दिशेनं येत होतं. सगुणाच्या पोटात कळ उठली. तिला वाटलं, सांगून टाकावं, म्हणजे हे एकदाचं संपेल. तिच्या घशातून आवाज निघणारच होता.

तेवढ्यात मागच्या दारानं धुरपदाबाई आत आली. तिनं ते पाणी बघितलं. आयुष्यभर तिनं जे तोंड मिटून ठेवलं होतं, ते तिनं उघडलं.

“माझा!” ती ओरडली. “मला दिवस गेल्यात! मला इचार! माझी चार नेलीस तू, चौघांची बी मी नावं ठिवली हुती मनात! ये, हितं ये, मी पोटुशी हाय!”

पाणी थांबलं.

शेजारच्या घरातून आवाज आला, “मला बी गेल्यात!” ती शेजारीण साठीला टेकलेली. पलीकडून कुणी म्हणालं, “मी बी हाय!” मग वरच्या आळीतून, मग खालच्या आळीतून. म्हाताऱ्या, कुमारिका, विधवा, दारात येऊन बायका ओरडत होत्या. रडत होत्या आणि ओरडत होत्या. कुणी आपल्या गेलेल्यांची नावं घेत होती. ज्यांची पोटं पडल्याचं आजवर कुणाला ठाऊक नव्हतं, त्या सगळ्यांनी त्या दुपारी सांगून टाकलं. सासवांना सुनांचं कळलं, सुनांना सासवांचं. बहिणी बहिणींकडं बघत राहिल्या.

दारातली सावली एकदा या घराकडं झुकली, एकदा त्या घराकडं. तिला कळेना कुठं जावं. मग ओली पावलं उतरणीकडं वळली. पण आता त्या पावलांना घाई होती, आणि खाली डोहावर कोंडाई एकटी होती.

बायका धावत खाली गेल्या तेव्हा काठावर सगुणाचे हंडे भरून ठेवलेले होते. कोंडाई नव्हती. डोहाचं पाणी इतकं निवळ झालं होतं, की तळाचे गोटे दिसत होते. कुणी म्हणतात, तिनं डोहातलीला मिठी मारली नि दोघी कातळाखाली गेल्या. कुणी म्हणतात, ती पलीकडच्या काठानं वर चढून दुसऱ्या कुठल्या गावाला गेली, जिथल्या बायका अजून गप्प होत्या. तिचं काय झालं, ते कुणी पाहिलं नाही.

सगुणाला मुलगी झाली. त्यानंतरही कारवघळात काहींची पोटं पडली. पडली नाहीत म्हणणं खोटं होईल. पण त्यानंतर कुणी कारवीआड एकटी बसली नाही. डाग दिसला की ती सांगे, आणि पाच घरच्या पाच बायका तिचं काम वाटून घेत. नवी सून आली की थोरली बाई तिची पापणी ओढून बघे, आधी तिला खाऊ घाले, ताप असला तर उतरवे, मग पाळण्याची गोष्ट काढे. डोहातली कायमची गेली का, हे कुणाला ठाऊक नव्हतं; म्हणून पाणी कोंडाईसारखं उन्हातच भरायचं, सांज झाली की डोहाकडं फिरकायचं नाही, हेही ठरलं.

आता गावात नळ आहे. महिन्यातून एकदा नर्सबाई येतात, देवळाच्या ओट्यावर बसतात. नवीन बदलून आलेल्या बाई पहिल्यांदा विचारतात, “गावात कोण कोण गरोदर आहे?”

तेव्हा ओट्यावर जमलेल्या साऱ्या बायका एका सुरात म्हणतात, “मी.”

सत्तरीची आजी म्हणते, लग्न न झालेली पोर म्हणते, दोन नातवंडं मांडीवर घेतलेली बाई म्हणते. नर्सबाई गोंधळून बघत राहतात. कुणी हसत नाही. मग त्यातली एक उठते, नर्सबाईंच्या कानाशी वाकते आणि हळूच सांगते. बाकीच्या तोवर डोहाच्या उताराकडं तोंड करून उभ्या असतात, खांद्याला खांदा लावून.