चिंबूला हवं बीळ

एक होता खेकडा. बोटाच्या पेराएवढा. त्याचं नाव चिंबू.

यमुनाआत्याकडे माशांची टाकी होती. टाकीत एक फुटकं मडकं होतं. तेच चिंबूचं बीळ.

एक दिवस टाकी गळायला लागली. टप टप टप. आत्यानं नवी टाकी आणली. ही एवढी मोठी! मासे तोवर टबात ठेवले. चिंबूही टबात. पण सामान हलवताना मडकं पडलं. खळ्ळ! झालं. गेलं बीळ.

नेमकं तेव्हाच चिंबूचं कवच सैल झालं. सैल चड्डीसारखं. खेकडा मोठा होतो ना, तेव्हा जुनं कवच टाकतो. आत नवं कवच असतं. नवंकोरं, पण मऊ मऊ. चिंबूला कोण आनंद झाला. नवं कवच येणार, नवं कवच येणार!

पण टबात होता एक जाडा मासा. त्याला मऊ खाऊ फार आवडे. तो चिंबूकडे बघे आणि तोंड उघडे. ब्लुप.

आता बीळ तर हवंच. चिंबू टबाबाहेर आला. तुरु तुरु तुरु, तिरका तिरका.

भिंतीशी थर्मोकोल उभा होता. पांढरा, लांबरुंद. आत्या त्याचा डोंगर करणार होती. तो टाकीत मागं लावणार होती.

"थर्मोकोलदादा, थर्मोकोलदादा, बीळ दे ना."

"सुरी कोरेना, मी बीळ देईना."

चिंबू निघाला. तुरु तुरु तुरु, तिरका तिरका. गेला सुरीकडे.

"सुरीताई, सुरीताई, कोर ना. थर्मोकोल बीळ देईना, कवच झालं सैल सैल, चिंबूनं जावं कुठे?"

"आत्या उठेना, मी कोरेना."

तुरु तुरु तुरु, तिरका तिरका. गेला आत्याकडे. आत्या पाय पसरून बसली होती. कानावर पेन्सिल.

"आत्या, आत्या, ऊठ ना. सुरी कोरेना, थर्मोकोल बीळ देईना, कवच झालं सैल सैल, चिंबूनं जावं कुठे?"

"टेप मोजेना, मी उठेना."

तुरु तुरु तुरु, तिरका तिरका. टेप कुठे? टेप होता मनीच्या पोटाखाली. नुसतं टोक दिसत होतं.

"टेपकाका, टेपकाका, मोज ना. आत्या उठेना, सुरी कोरेना, थर्मोकोल बीळ देईना, कवच झालं सैल सैल, चिंबूनं जावं कुठे?"

"मनी हलेना, मी मोजेना."

मनी मांजर उन्हात लोळत होती. घुर्र घुर्र.

"मनीमावशी, मनीमावशी, हल ना. टेप मोजेना, आत्या उठेना, सुरी कोरेना, थर्मोकोल बीळ देईना, कवच झालं सैल सैल, चिंबूनं जावं कुठे?"

मनीनं एकच डोळा उघडला. "ऊन सरेना, मी हलेना."

"ऊनबाबा, ऊनबाबा, सर ना. मनी हलेना, टेप मोजेना, आत्या उठेना, सुरी कोरेना, थर्मोकोल बीळ देईना, कवच झालं सैल सैल, चिंबूनं जावं कुठे?"

"पडदा सरकेना, मी सरेना."

तुरु तुरु तुरु, तिरका तिरका. गेला पडद्याकडे.

"पडदेबुवा, पडदेबुवा, सरका ना. ऊन सरेना, मनी हलेना, टेप मोजेना, आत्या उठेना, सुरी कोरेना, थर्मोकोल बीळ देईना, कवच झालं सैल सैल, चिंबूनं जावं कुठे?"

"कुणी ओढेना, मी सरकेना."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. होता फक्त चिंबू.

चिंबूनं पडद्याची दोरी धरली. एका नांगीनं दोरी, दुसऱ्या नांगीनं कवच. ओढली, ओढली, ओढली.

सर्रर्र!

पडदा सरकला. ऊन सरलं. मनी हलली. टेप मोजू लागला. आत्या उठली. सुरी कोरू लागली. करकर करकर, चुईं चुईं!

आत्याच्या अंगात आलं. इथे कडा, तिथे सुळका. मग वर सिमेंट, थप थप थप. मग तपकिरी रंग. मग डोंगर आठ दिवस पाण्यात भिजला. सिमेंटचं पाणी माशांना सोसत नाही, म्हणून आत्या रोज पाणी बदलायची. आणि चिंबू? कवच सावरून टबाच्या कोपऱ्यात बसला. जाडा मासा म्हणायचा, ब्लुप.

डोंगर झाला. खराखुरा वाटावा असा. चिंबू धावत बघायला गेला. वर बघितलं, खाली बघितलं. बीळ कुठे होतं? आत्या बीळ करायलाच विसरली होती.

चिंबूला रडू आलं.

आत्यानं डोंगर उचलला आणि टाकीत घालू लागली. जाईना. तिरका केला. जाईना. टाकीच्या वर एक आडवी काच होती. ती मापात धरायची राहिली होती. आत्यानं कपाळाला हात लावला.

मग काय? सुरीनं डोंगराचे दोन तुकडे केले. एक तुकडा गेला. दुसरा तुकडा गेला. पण मध्ये राहिली फट. बोटाच्या पेराएवढी.

"ही फट आता बुजवते," आत्या म्हणाली. तिनं सिमेंटचा गोळा घेतला.

तुरु तुरु तुरु, तिरका तिरका, सुळकन!

आत्या थांबली. तिनं वाकून बघितलं. फटीतून दोन डोळे बाहेर बघत होते.

"अरे चिंब्या," आत्या म्हणाली, "हे तर तुझं बीळ."

तिनं गोळा खाली ठेवला. टाकीत पाणी आलं, धो धो धो. मासे आले. जाडा मासाही आला.

कट्. कट्. करकर. कट्.

बिळाच्या दारात काहीतरी येऊन पडलं. खेकड्यासारखं दिसत होतं. जाड्या माशानं झडप घातली. पण ते होतं जुनं कवच. रिकामं आणि कडक. त्यानं ते थू करून टाकलं.

आणि आत, अगदी आत, नवाकोरा, मऊ मऊ चिंबू खुदुखुदु हसत होता.

चिंबू आत, मासा बाहेर, गोष्ट गेली आपल्या घरी.