जादा वायर

सायकली अडगळीत गेल्या आणि विजेच्या स्कूटर आल्या, त्या दिवसांतली गोष्ट. सोपान गवळ्यानं सायकलवरचा जुना रेडिओ नव्या स्कूटरला बांधला आणि सेलऐवजी बॅटरीपासून त्याला एक जादा वायर ओढून दिली.

"माझं चार्जिंग धावण्यासाठी आहे," स्कूटर कुरकुरली. "या म्हाताऱ्याला कशाला पोसू?"

रेडिओ म्हणाला, "सायकलकडे तर वीजही नव्हती. तरी वीस वर्षं तिनं मला मिरवलं."

पहाटे वेशीजवळच्या खड्ड्यात स्कूटरनं मुद्दाम उसळी घेतली. वायर निसटली आणि रेडिओ गप्प झाला. अंधारात सोपानला ती पुन्हा जोडता येईना.

झोपलेल्या घराची कडी वाजवणं सोपानला कधी जमलं नव्हतं. रेडिओवरची भजनं ऐकू आली की बायका उंबऱ्यावर पातेली ठेवत. त्या दिवशी एकही पातेलं बाहेर आलं नाही. भरलेल्या किटल्या तशाच घेऊन स्कूटर परत निघाली आणि चढावर त्या ओझ्यानं चार्जिंग संपून थांबली. सोपाननं तिला घरापर्यंत ढकलत नेलं. मग घाम पुसून निसटलेली वायर पुन्हा जोडली.

दुसऱ्या पहाटे उंबऱ्यावर पहिलं पातेलं दिसलं, तेव्हा स्कूटरनं हळूच विचारलं, "सायकलला यातलं कुठलं भजन आवडायचं?"