नुसतं बघायला आलेलं गिऱ्हाईक

माघ वद्य तृतीया. सकाळी दाट धुकं होतं, दुपारी स्वच्छ ऊन पडलं. साल कोणतं आणि राजा कोण, हे आता कुणालाच सांगता येत नाही, इतकी ही गोष्ट जुनी आहे.

त्या दिवशी एका पेठेतल्या कापडाच्या मोठ्या दुकानात विणकर जमले होते. दुकान पिढ्यानपिढ्यांचं. नदीकाठच्या गावांत जेवढे माग होते, त्या सगळ्यांचं कापड इथेच विकलं जाई. पण वर्षभरापासून माल पडून राहू लागला होता, आणि गावांतले निम्मे माग थांबले होते.

थोरले शेठ गादीवरून म्हणाले, "दसऱ्यापर्यंत वाट बघू. तोवर माल हलला नाही, तर मी दुकान बंद करीन. तुम्ही दुसरा धंदा शोधा."

एक म्हातारा विणकर तेवढा बोलला. "शेठ, आम्हांला दुसरं काही येत नाही."

दुकानाचा सगळा कारभार शेठांच्या मुलाकडे होता. त्याला सगळे धाकटे शेठ म्हणत. तो आळशी नव्हता. नुसता हात लावून सूत ओळखी. आणि त्याची एक खास युक्ती होती. गिऱ्हाईक बसलं की तो नोकरांना हात वर करून खूण करी. मग एकामागून एक लुगड्यांच्या घड्या मोडल्या जात. बाई "पुरे, पुरे" म्हणेपर्यंत तिच्यापुढे ढीग झालेला असे. एवढा पसारा करायला लावून उठायचं कसं, या भिडेने ती काहीतरी घेऊन जाई.

"आपल्या दुकानातून कुणी रिकाम्या हाताने जात नाही," असं तो अभिमानाने सांगे. ते खरंच होतं. मात्र दुकानाच्या पायऱ्या चढणारी माणसंच कमी होत चालली होती, आणि ती का, हे त्याला कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याच्या आत्याने त्याला विचारलं, "अरे, तू आजवर बाजारात जाऊन काही विकत घेतलं आहेस का?"

"मी कशाला? सगळं घरी येतं की."

"मग उद्या शेजारच्या शहरात जा. साध्या कपड्यांत जा, कोण आहेस ते सांगू नकोस. माझ्यासाठी एक जांभळं लुगडं आण. बारीक काठाचं."

"आत्या, आपल्याच दुकानात जांभळ्या लुगड्यांची थप्पी लागली आहे!"

"ती मी पाहिली आहे. तू जा."

तो गेला. तिथल्या दुकानदाराने "बसा, पाहुणे, बसा" म्हणून त्याला बसवलं. त्याने हवं ते नीट सांगितलं. पहिलं लुगडं उलगडलं ते अंजिरी. "जांभळं म्हणालो मी," असं तो म्हणेपर्यंत त्यावर केशरी पडलं, मग निळं, मग रुंद काठाचं तांबडं. नोकर घामाघूम झाला. बाजूची गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

"आमच्या माणसाने एवढी मेहनत केली, पाहुणे," दुकानदार गोड हसला, "आता काहीतरी न्यायलाच हवं!"

धाकट्या शेठांचे कान तापले. हाताला लागलं ते लुगडं उचलून तो म्हणाला, "हे द्या."

पायऱ्या उतरताना त्याला आतलं बोलणं ऐकू आलं. "बघितलंस?" दुकानदार नोकराला सांगत होता, "ही युक्ती पेठेतल्या त्या बड्या दुकानाची. तिथले धाकटे शेठ फार हुशार आहेत म्हणे!"

घरी आत्याने लुगडं उलगडलं. "पोपटी! या वयात मी हे नेसून परसात गेले, तर राघू येऊन बसतील माझ्या खांद्यावर."

"त्याने एवढं दाखवलं, आत्या. उठायची लाज वाटली."

"पुन्हा जाशील त्याच्याकडे?"

"त्या गल्लीत पाऊलसुद्धा टाकणार नाही!" तो तावातावाने म्हणाला. आणि त्याला आपल्याच दुकानाच्या रिकाम्या पायऱ्या आठवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने नोकरांना सांगितलं, "मागतील तेवढंच दाखवा. नको म्हणाले, तर हसून निरोप द्या."

दुकानाचा हिशेब ठेवणारे म्हातारे दिवाणजी वैतागले. "धाकटे शेठ, हे दुकान आहे की देऊळ? लोक येणार, दर्शन घेणार आणि जाणार!"

तेवढ्यात नदीपलीकडची एक बाई आली. तिने हे दाखवा, ते दाखवा, करत मनसोक्त लुगडी पाहिली आणि उठली. "छान आहेत. पण मला नकोत."

सगळे धाकट्या शेठांकडे पाहू लागले. तो पुढे झाला आणि स्वतः घड्या घालू लागला. "हरकत नाही, ताई. पुन्हा या बघायला."

"नुसतं बघायला?"

"नुसतं बघायला."

पुढच्या बाजाराला ती आपल्या जावेला घेऊन आली. नंतर शेजारणीला, मग शेजारणीच्या सासूला. स्वतः तिने कधीच काही घेतलं नाही. बरोबरच्या बायका कधी एखादा खण घेत, कधी तशाच जात.

अशी तशीच परत जाणारी गिऱ्हाइकं पुष्कळ झाली. "आज दर्शनाला गर्दी होती," असा टोमणा दिवाणजी रोज मारत. चैत्रात एकदा धाकट्या शेठांचाही धीर सुटला. त्याचा हात खूण करायला वर गेला. विणकरांचे थांबलेले माग डोळ्यांपुढे होते, पण पोपटी लुगडं घेताना आपले कान कसे तापले होते, तेही त्याला आठवलं. त्याने हात मागे घेतला.

वैशाखात लग्नं निघाली. बस्ता कुठे बांधायचा, असा प्रश्न घरोघर आला, तेव्हा बायका म्हणाल्या, "तिथे जाऊ. तिथे निवांत बघू देतात." मुहूर्त संपायच्या आत दुकानातल्या थप्प्या उतरल्या.

दसऱ्याला थोरल्या शेठांनी मुलाला गादीवर बसवलं, आणि नदीकाठचे थांबलेले सगळे माग पुन्हा चालू झाले.

जिथून मोकळ्या मनाने परत जाता येतं, तिथेच माणूस पुन्हा आपणहून येतो.