एकट्या घंटेची संध्याकाळ

फार दूरच्या समुद्रात एकदा एक देश होता. देश म्हणायचे, कारण त्याला स्वतःचा झेंडा होता. एरवी एका टोकाला कोणी शिंकले तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावे, एवढेसे ते बेट. उत्तरेच्या टेकाडावर देऊळ, मधोमध बंदराजवळ मशीद आणि दक्षिणेच्या टोकाला चर्च. माणसे गुण्यागोविंदाने नांदत होती, असे लिहायला मला आवडले असते. पण तिन्हीसांजेला आरतीची घंटा, मशिदीची बांग आणि चर्चची घंटा एकाच सुमारास सुरू होत, आणि प्रत्येकाला वाटे, शेजाऱ्याने मुद्दाम आपला देव झाकून टाकला.

या बेटावर एक वृद्ध गुरुजी राहत. उमेदीची वर्षे समुद्रावर काढून आता ते तरुणांना चार शहाणपणाच्या गोष्टी शिकवीत. पुजारी, मौलवी आणि पाद्री आपले भांडण घेऊन सारखे त्यांच्या दारात. आधी कोणी? मोठ्याने कोणी? ऐकून ऐकून गुरुजींचे कान किटले होते. "अहो, देवाला तरी कंटाळा येईल आता!" ते वैतागून म्हणत. त्यावर कोणाच्या देवाला, यावरून नवा वाद सुरू होई.

शेवटी त्यांच्या एका हुशार शिष्याने तोडगा काढला. रोज एकाची पाळी. ज्याची पाळी, त्याचाच आवाज बाहेर जाईल. इतरांनी दारे लावून हळू आवाजात उपासना करावी. तिघांनाही हे तत्काळ पटले, कारण उरलेल्या दोघांची तोंडे बंद होणार होती.

"गुरुजी, मिटलं एकदाचं!" शिष्य धावत आला. "आजपासूनच सुरू. पहिली पाळी देवळाची."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "आणि होड्या?"

"होड्यांचा काय संबंध? माझा धाकटा भाऊही आज पहिल्यांदाच मासेमारीला गेलाय. येईल संध्याकाळी."

गुरुजी उठून बाहेर पडले. त्यांनी तिन्ही धर्मगुरूंना बोलावले, "चला, समेट झालाय तर जरा फिरवून आणतो," असे म्हणून आपल्या जुन्या होडीत बसवले आणि थेट बंदरासमोरच्या खडकांच्या रांगेपलीकडे नेले. आभाळ भरून आलेले असताना ही सहल कशासाठी, हे शिष्याला उमगेना.

संध्याकाळी पावसाची सर आली आणि समुद्र दिसेनासा झाला. देवळाची घंटा एकटीच, अगदी स्वच्छ वाजली. शिष्य समाधानाने ऐकत होता. पण होडी एकही आली नाही. बायका किनाऱ्यावर जमल्या, त्यांत त्याची आईही होती.

"बांग का नाही झाली रे आज?"

"आई, आज देवळाची पाळी आहे."

"पाळी गेली खड्ड्यात! माझं पोर बाहेर आहे. जा, त्या दोघांनाही आवाज द्यायला सांग!"

काही न कळताच तो धावत सुटला. मशिदीत उत्तर मिळाले, "मौलवीसाहेबांनी मना केलंय." तो ओरडला, "अहो, मौलवीसाहेबच बाहेर अडकलेत!" बांग उठली. तो तसाच धापा टाकत चर्चकडे पळाला. तिथली घंटाही वाजू लागली, आणि थोड्याच वेळात होड्या एकामागून एक आत येऊ लागल्या. भाऊ उतरला, तेव्हा शिष्याला रडू आवरले नाही. सर्वांत शेवटी गुरुजींची होडी आली. तिघे धर्मगुरू चिंब भिजलेले, एकमेकांना घट्ट धरून बसलेले.

"सगळ्या होड्यांना हाका मारून मी बाहेरच थांबवून ठेवलं होतं," गुरुजी म्हणाले. "या खडकांतून आत यायला वाट एकच आहे. एका घंटेवरून कळतं की बेट कुठे आहे. वाट कुठे आहे ते नाही कळत. देवळाची घंटा डाव्या कानाला, चर्चची उजव्या कानाला आणि बांग नाकासमोर, तेव्हाच होडी आत घालायची. इथला प्रत्येक खलाशी असाच घरी येतो, मग तो कोणालाही हात जोडो. त्यांना कधी विचारलंत?"

"पण तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" शिष्याने विचारले.

"सांगितलं असतं, तर मी कोणाच्या बाजूने बोलतोय याचीच चर्चा झाली असती!" गुरुजी उसळले. मग किंचित हसले. "आणि 'अरे, कोणीतरी बांग द्या रे!' म्हणून सगळ्यांत आधी कोण ओरडलं, ते विचार यांना."

पुजाऱ्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आरतीला जरा उशीर झाला. होड्या अजून बाहेर होत्या. मौलवीसाहेब स्वतः टेकाड चढून आले आणि देवळाच्या पायरीशी उभे राहून धापा टाकत म्हणाले, "अहो बुवा, घंटा!"

शेजारच्या प्रार्थनेचा आपल्याला त्रास होतो, तेव्हा आपण बहुधा कोरड्या जमिनीवर बसलेलो असतो.