प्रतिष्ठितांची साक्ष

उभी हयात तमाशाच्या फडात नाचलेल्या मैनाबाईने बाप्तिस्मा मागितला, तेव्हा गावातल्या ख्रिस्ती मंडळीत एकच गहजब उडाला. मंडळीचे कारभारी याकोबराव पाटोळे यांचा शब्द चर्चचे धर्मगुरू असलेले पाळकसुद्धा मोडत नसत. रविवारची उपासना आटोपल्यावर त्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

भरल्या तंबूत बिनधास्त नाचणारी मैनाबाई आज खाली मान घालून उभी होती. इथूनही हाकललं, तर देवालाही आपण नको आहोत असंच ठरेल, अशी तिला धास्ती होती.

"फडातली बाई आणि ख्रिस्ती!" याकोबराव हसले. "बरं, गावातली दोन प्रतिष्ठित माणसं तुझ्या चारित्र्याची साक्ष द्यायला आण. मग बघू."

अशी साक्ष कोणी देणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मैनाबाईने पदराने घाम पुसला.

"दादा, एक विचारू?" ती चाचरत म्हणाली. "येशूला धरून नेलं, तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष द्यायला किती प्रतिष्ठित माणसं आली होती?"

याकोबरावांच्या कपाळावर आठ्या चढल्या. आपण भलतंच बोलून बसलो, या भीतीने मैनाबाई दाराकडे वळली.

"थांबा, मैनाबाई," पाळक उठून म्हणाले. "एकही आला नव्हता. तरी आपण त्याला प्रभू मानलं. मग तुम्हाला बहीण मानायला साक्ष कशाला?"

आणि बाप्तिस्म्याचं पाणी आणायला त्यांनी याकोबरावांनाच पाठवलं.