टिचकीचा परातीतला घास

ऐका हं. मध्ये बोलायचं नाही. बोललात तर टिचकी पळून जाईल.

एक होती उंदराची पोर. एवढीशी. नाव तिचं टिचकी. आंब्याच्या झाडाखाली तिचं बीळ. बिळात ती एकटीच. बोलायला कोणी नाही. जेवायला कोणी नाही. फार वाईट वाटायचं तिला.

एके दिवशी झाडावरून कैरी पडली. धप्प!

"माझी कैरी! माझी कैरी!" टिचकी नाचली. पण कैरी लागली पळायला. गडगड गडगड... थेट यमूकाकूच्या ढिगात! यमूकाकू बसली होती लोणच्याच्या कैऱ्या फोडत. खटॅक! फोडली की हो टिचकीची कैरी!

टिचकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु.

"काकू, काकू, माझी कैरी दे."

"अगंबाई! ती तुझी होती होय? चुकलंच माझं. आता तिच्या फोडी झाल्या. रडू नको गं. लोणचं बरणीत भरलं, की परातीला मसाला राहतो. त्यात मी गरमगरम भात कालवते. ज्याची कैरी, त्याला घास. एक घास तुझा."

"मग कालव ना लोणचं!"

"खलबत्ता मोहरी कुटत नाही, तोवर मी नाही कालवणार."

टिचकी गेली खलबत्त्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"खलबत्तेदादा, मोहरी कूट ना!
काकू कालवेना.
कैरी गेली, घास नाही,
टिचकी आपली एकटी."

खलबत्ता म्हणाला, "मोहरी ओलसर आहे. सूप वाळवत नाही, तोवर मी नाही कुटणार."

बघा कसा फुगून बसलाय!

टिचकी गेली सुपाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"सूपताई, मोहरी वाळव ना!
खलबत्ता कुटेना,
काकू कालवेना.
कैरी गेली, घास नाही,
टिचकी आपली एकटी."

सूप म्हणालं, "अंगणभर पाला पडलाय. उन्हात बसू कुठं? खराटा झाडत नाही, तोवर मी नाही वाळवणार."

टिचकी गेली खराट्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. दमली बिचारी.

"खराटेकाका, अंगण झाड ना!
सूप वाळवेना,
खलबत्ता कुटेना,
काकू कालवेना.
कैरी गेली, घास नाही,
टिचकी आपली एकटी."

खराटा म्हणाला, "माझ्या अंगावर कोंबडी बसलीय. कोंबडी उठत नाही, तोवर मी नाही झाडणार."

बसली होती खरी. डोळे मिटून. मान खाली घालून.

"कोंबडीमावशी, ऊठ ना!
खराटा झाडेना,
सूप वाळवेना,
खलबत्ता कुटेना,
काकू कालवेना.
कैरी गेली, घास नाही,
टिचकी आपली एकटी."

कोंबडी म्हणाली, "उठून जाऊ कुठं? पिल्लं मोठी झाली. गेली आपापल्या वाटेनं. मला कुणी 'ये' म्हणत नाही. कुणी 'ये' म्हणत नाही, तोवर मी नाही उठणार."

टिचकी तिच्याजवळ सरकली. म्हणजे हिलाही कोणी नाही!

टिचकीनं विचार केला. थोडासाच. पोरगी एवढीशी, विचार किती करणार?

"मावशी, मला एक घास मिळणार आहे. एकच. अर्धा तुझा. ये ना माझ्याबरोबर जेवायला."

कोंबडीनं एक डोळा उघडला. "मला म्हणालीस?"

"तुलाच!"

"पुन्हा म्हण बरं."

"ये!"

मग काय!
कोंबडी उठली. फडफड फडफड!
खराटा झाडू लागला. खर्र खर्र!
सूप उन्हात बसलं. मोहरी वाळली. खुळखुळ खुळखुळ!
खलबत्ता कुटू लागला. ठणठण ठणठण!
काकूनं लोणचं कालवलं. बरणी भरली काठोकाठ.

परातीला राहिला लालबुंद मसाला. काकूनं त्यात भात घातला. वाफ आली. वास सुटला.

"ये गं टिचकी! घे तुझा घास."

टिचकीनं घास घेतला. अर्धा कोंबडीपुढे ठेवला. अर्धा आपण खाल्ला.

"हाश्श! हुश्श! तिखट!"

काकू खदखदून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"माझी पोरं लांब राहतात गं," ती म्हणाली. "दर वर्षी मी लोणचं घालते, आणि हा भात एकटीच खाते. आज किती बरं वाटलं! अर्धाच घास कशाला? या, जवळ बसा दोघी."

काकूनं परात पुढे ठेवली. एका बाजूला काकू. एका बाजूला कोंबडीमावशी. आणि मध्ये कोण? आपली टिचकी.

"कैरी गेली, घास मिळाला,
टिचकी नाही एकटी!"

परात टाकली चाटून,
गोष्ट टाकली वाटून.