उतरलेली वेल

“लेकरू ठणठणीत हाय, अक्का. आता आईकडं ध्यान ठेवा,” हात धुता धुता तानू सुईण म्हणाली. “ती लेकराकडं बघती, पण तिला ते दिसत न्हाई. मला हे बरं वाटत न्हाई.”

भिवराक्का फसकन हसली. “पाच बाळंतपणं झाली माझी. सहाव्या दिवशी भाकऱ्या थापल्यात मी. नखरं नगं सांगूस मला.”

भाविकहो, तानूचं बोलणं तिथंच चुलीत गेलं. पुढचं सारं त्या एका हसण्यातून घडलं.

त्या वर्षी श्रीसखानाथ महाराजांचा मुक्काम वारणाकाठच्या वेलखेड गावी होता. गाव पानमळ्यांचं. शेवरीच्या उंच झाडांवर नागवेली चढलेल्या. आत भरदुपारी हिरवा काळोख. मळ्यात वहाणा घालून जायचं नाही, विटाळशीने तर पाऊलही टाकायचं नाही, असा तिथला कडक रिवाज. महाराज गावाबाहेरच्या मठात राहत. मिळेल ते खात, आणि येणाऱ्याला एकच प्रश्न विचारीत, “हे कशासाठी करतोस, बाळ?” उत्तर गुळगुळीत आलं की तोच प्रश्न पुन्हा विचारीत.

ती बाळंतीण म्हणजे केवळा, भिवराक्काची धाकटी जाऊ. वेल लव्हाळ्याने झाडाला बांधताना ती गाठीत बोटभर जागा ठेवी. “ही गाठ हाय का झोपाळा?” भिवराक्का चिडवी. केवळा म्हणे, “उद्या वेल जाड हुईल, अक्का. तिला श्वास घ्यायला नगं व्हय?” तिच्या हातची वेल नेहमी दोन पेरं जास्त चढलेली असे. सकाळी खुडलेलं पहिलं पान ती महाराजांपुढे नेऊन ठेवी. एकदा महाराजांनी तिलाही विचारलं, “कशासाठी?” ती लाजली. “कोंब कालच्यापेक्षा कुठवर आला ते बघायचं असतं, म्हणून जाग येती, महाराज. पान आपलं निमित्त.”

महाराज मोठ्याने हसले. म्हणाले, “हिला ठाऊक आहे!”

अशी ती केवळा. पण बाळंतपणाचे चाळीस दिवस सरले, तीन महिने सरले, तरी भिवराक्का तिला मळ्याच्या दारातून परत पाठवी. “अंगावर दूध हाय तवर विटाळच. वेल जळंल.” चाळीस दिवसांपुढे विटाळ धरण्याचा रिवाज गावात कुणाकडेच नव्हता, पण थोरल्या जावेपुढे बोलायचं कुणी? घरची पुरुषमाणसं पानांच्या करंड्या घेऊन लांबलांबच्या पेठांना गेलेली असत.

केवळा विझत गेली. बाळाला पाजी, पुशी, निजवी, सगळं वेळच्या वेळी. पण परक्याचं काम उरकावं तसं. वेणी घालीना. घास ताटातच वाळे. “कशासाठी उठू, अक्का?” एकदा तिने खरोखरच विचारलं.

“अगं बया! राणीसाहेबांना उठायला कारण पायजे!” भिवराक्काने शेजारणींना हाक मारली. “आम्हाला कोण आरती ओवाळून उठवतं गं?”

बायका हसल्या. केवळाही हसली. ते हसू कुणी नीट पाहिलं नाही.

आता पहिलं पान भिवराक्का मठात नेई. महाराज त्याला हात लावीत नसत. रोज विचारीत, “धाकटी कुठे आहे?”

“लोळतीय, महाराज. आळस अंगात मुरलाय तिच्या.”

पान तसंच राही. महाराजांपुढच्या ताटात अशी किती पानं वाळली!

चैत्रात उतरण लागली. वर्षाची थकलेली वेल झाडावरून सोडवायची, तिचं वेटोळं करून बुडाशी मातीत पुरायचं, शेंडा तेवढा वर ठेवायचा. मग काही दिवस मळा मेल्यासारखा दिसतो. त्याच दिवसांत एका दुपारी महाराज प्रसाद वाटत होते. भिवराक्का पुढ्यातच बसली होती. एकाएकी महाराजांनी आपलं डावं मनगट उजव्या हाताने घट्ट धरलं. कपाळावर घाम डवरला.

“अक्का, पळ! मळ्यातल्या विहिरीवर जा. मला फार वेळ धरवणार नाही!”

भिवराक्काने आजूबाजूला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. “काय धरलंय, महाराज? हातात तर कायबी न्हाई.”

“पळ!”

महाराजांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. भिवराक्का पुटपुटत उठली. वाटेवरच घर होतं. आत बाळ रडत होतं. पाळण्यात पाहते तो बाळाला न्हाऊमाखू घातलेलं, डोळ्यांत ताजं काजळ, आणि उशाशी केवळाच्या हिरव्या बांगड्या काढून ठेवलेल्या.

तानूचं बोलणं शब्द न शब्द आठवलं. बाळाला उराशी धरून ती अनवाणी धावत सुटली.

केवळा विहिरीच्या काठावर बसली होती. पाय आत सोडलेले. आणि काय तो चमत्कार! परवाच भिवराक्काने स्वतःच्या हाताने पुरलेली वेल मातीतून वर आली होती, चार हात सरपटत विहिरीपर्यंत पोचली होती, आणि केवळाच्या डाव्या मनगटाला वेढे घालून बसली होती. वर लव्हाळ्याची गाठ, बोटभर जागा सोडलेली.

“सुटत न्हाई, अक्का,” केवळा विहिरीकडे बघतच म्हणाली. “लई ओढलं. ओढलं की कुणीतरी कण्हतंय.”

भिवराक्काने तिला कमरेला धरून मागे ओढलं, पोटाशी घेतलं. बाळ दोघींच्या मधे. दोघी किती वेळ तशा बसल्या कोण जाणे. वेल कधी सैल झाली ते दोघींनाही कळलं नाही.

मठात आल्या तेव्हा महाराज खांबाला टेकून बसले होते. डाव्या मनगटावर हिरवेगार वळ, सुजलेले.

“बाई, फार जोरात ओढत होतीस,” महाराज केवळाला म्हणाले आणि सरकून तिला आपल्याजवळ बसायला जागा केली. मग भिवराक्काकडे वळले. “हिला मळ्यात का येऊ दिलं नाहीस?”

“विटाळ, महाराज...”

“ते गावाला सांग. मला कारण सांग.”

भिवराक्काची मान खाली गेली. “माझ्या हातची वेल चढत न्हवती. हिची चढायची. सगळं गाव हिचं नाव घ्यायचं.”

“एवढंच ना? मग आता ऐक. हिचं ताट काढून घेतलं असतंस, तर गावाने तुला बोल लावला असता. तू हिचं सकाळी उठायचं कारण काढून घेतलंस, म्हणून कुणाला दिसलं नाही.” महाराजांनी मळ्याकडे बोट केलं. “परवा वेल उतरवलीस. तिला आळशी म्हणालीस का?”

“न्हाई, महाराज.”

“काय केलंस?”

“माती घातली. पाणी घातलं. रोज वाकून बघितलं...” तिने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठली आणि सगळ्या गावादेखत धाकट्या जावेपुढे वाकली. “अक्का, असं नगं,” केवळा अंग चोरत म्हणाली. कितीतरी दिवसांत तिने समोरच्याकडे बघून काढलेला तो पहिला शब्द.

केवळा दुसऱ्या दिवशी हसत उठली, असं कुणी सांगितलं तर मानू नका. वर्ष लागलं. काही दिवस ती एक वेल बांधी, काही दिवस नुसती बांधावर बसे. तानू येऊन बाळाला घेई, आणि भिवराक्का शेजारी बसून सैल गाठ मारायला शिके. महाराजांच्या मनगटावरचे वळ मात्र अखेरपर्यंत गेले नाहीत. कुणी विचारलं तर ते हात धोतराच्या सोग्याखाली घेत.

माउल्यांनो, बाप्यांनो, कथा ऐकून उठाल ते थेट घरी जाऊ नका. तुमच्या आळीत एखादी असेल, जिचं बाळ गोंडस आहे, घर लखलखीत आहे, आणि जी अलीकडे जरा कमी बोलते. तिच्या दारात थांबा. बाळाची चौकशी मागाहून करा. आधी विचारा, “तू कशी आहेस गं?” ती “बरी आहे” म्हणेल. तरी लगेच निघू नका.